मार्चमध्ये मत दिलं, आता मेमध्ये परत? (टेक्सासची रनऑफ प्रायमरी)

मुक्काम_शुगरलँड, १७ मे २०२२

सिटिझनशिपची शपथ घेऊन मला सव्वा वर्ष झालं. १ मार्चला प्रायमरीत पहिलं अमेरिकन मत दिलं, छातीवर स्टिकर लावून फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. आईचा लगेच प्रश्न, "मग, कोण आलं?" तिला म्हटलं, इतक्यात कोणी येत नसतं, ही नुसती उमेदवार ठरवायची निवडणूक. खरी नोव्हेंबरात. ७ मेला पुन्हा जाऊन आलो, तेव्हा मालमत्ता कराबद्दलच्या दोन घटनादुरुस्त्या होत्या. आणि आता २४ मेला मार्चचंच उरलंसुरलं. आई म्हणाली, "तिकडे माणसांना दुसरी कामं नसतात का रे?"

काल अर्ली व्होटिंगला (मुख्य दिवसाच्या आधीच मत देता येतं, त्याला) गेलो होतो. तिथे जी फजिती झाली त्यावरून हा धागा.

आधी नियम सांगतो. टेक्सासमध्ये पक्षाची उमेदवारी मिळवायची तर प्रायमरीत निम्म्याहून जास्त मतं लागतात. नुसतं पहिलं येऊन भागत नाही. कोणालाच निम्म्याच्या वर जाता आलं नाही तर पहिले दोघे ठेवायचे, बाकीच्यांना नारळ, आणि त्या दोघांत पुन्हा मतदान. हेच रनऑफ. मार्चमध्ये रिपब्लिकनांकडे ॲटर्नी जनरलपदासाठी (राज्याचा मुख्य सरकारी वकील) चौघे होते. आत्ता त्या खुर्चीवर असलेले केन पॅक्स्टन यांना ४२.७ टक्के, जॉर्ज पी. बुश (थोरल्या बुशसाहेबांचे नातू, जेब बुश यांचे चिरंजीव) यांना २२.८, आणि ईव्हा गुझमन व लुई गोमर्ट यांना प्रत्येकी सतराच्या आसपास. पॅक्स्टन जवळजवळ दुपटीने पुढे, तरी उमेदवारी हातात नाही. डेमोक्रॅटांकडे त्याच पदासाठी रोशेल गार्झा पहिल्या आल्या, पण निम्म्यापर्यंत त्याही पोचल्या नाहीत. दुसऱ्या जागेसाठी जो जावोर्स्की आणि ली मेरिट यांच्यात अगदी केसभर अंतर राहिलं. गव्हर्नरपदाचं मात्र दोन्हीकडे पहिल्याच दिवशी आटोपलं. तिकडे ॲबट, इकडे बेटो ओरोर्क.

आता फजिती. मार्चमध्ये मी डेमोक्रॅटांची मतपत्रिका मागितली होती, बेटोंसाठी. (त्यांना नव्वद टक्क्यांहून जास्त मतं पडली. माझ्या एका मताने ते तरले अशातला भाग नाही.) काल मनात आलं, या वेळी बुश-पॅक्स्टनच्या लढतीत मत द्यावं. टेक्सासात राज्य पातळीवरच्या पदावर १९९४ नंतर एकही डेमोक्रॅट निवडून आलेला नाही, तेव्हा ॲटर्नी जनरल कोण हे बहुधा तिथेच ठरणार. टेबलावरच्या बाईंनी स्क्रीनवर पाहिलं आणि गोड हसून सांगितलं, मार्चमध्ये ज्या पक्षाची पत्रिका घेतलीत, रनऑफलाही त्याच पक्षाची मिळेल.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने मार्चमध्ये मतच दिलं नव्हतं. तिला मात्र दोन्हींपैकी हवी ती पत्रिका मिळू शकते! जो गेला तो अडकला, जिने दांडी मारली ती मोकळी. आता ती कालपासून हे सगळ्यांना सांगत फिरतेय.

हे असं का, आणि हे रनऑफ आलं कुठून? जाणकारांनी लिहावं.


गोदाकाठ, १७ मे २०२२

थांबा थांबा. तिकीट कोणाला द्यायचं हे लोक मतदान करून ठरवतात, आणि त्यातही दोन फेऱ्या? आमच्याकडे अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी अडीच वाजता एबी फॉर्म घेऊन गाडी येते. तिकीट कोणाचं ते ड्रायव्हरला आधी कळतं.

गमतीचा भाग सोडा. तिथे पक्षाचे सदस्यच मत देतात ना? मग तुमच्या पत्नीला दोन्हीकडे मोकळीक कशी?


मुक्काम_शुगरलँड, १७ मे २०२२

टेक्सासात मतदार म्हणून नाव नोंदवताना पक्ष लिहावाच लागत नाही. प्रायमरीच्या दिवशी टेबलापाशी जाऊन कुठली पत्रिका हवी ते सांगायचं, तेवढ्यापुरते तुम्ही त्या पक्षाचे. पक्षाचं कार्ड नाही, वर्गणी नाही. काही राज्यांत नोंदणीतच पक्ष लिहिलेला असतो आणि दुसऱ्याच्या प्रायमरीत शिरता येत नाही, पण इथे तसं नाही. बंधन एवढंच की एका वर्षाच्या प्रायमरी आणि रनऑफमध्ये उडी मारायची नाही.


आटपाट_अटलांटा, १८ मे २०२२

धागा आवडला. आमच्या जॉर्जियात तर तुमच्या रनऑफच्याच दिवशी, २४ मेला, पहिली फेरी आहे. कोणाला निम्मी मिळाली नाहीत तर २१ जूनला दुसरी. चार आठवड्यांत मोकळे. तुमच्यासारखं बारा आठवडे ताटकळत ठेवत नाहीत.

पण आमच्याकडे गंमत वेगळी. इथे नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीलाही निम्म्याची अट आहे. ५ जानेवारी २०२१ आठवतंय का? सिनेटच्या दोन जागांचं रनऑफ, आणि त्यावर अख्ख्या सिनेटचं बहुमत टांगलेलं. त्या दोन महिन्यांत आमच्या घरी पोस्टाने इतकी पत्रकं आली की मुलाने शाळेच्या प्रोजेक्टला त्यांचा कागद वापरला. तेव्हा दोन फेऱ्यांत नऊ आठवडे होते, २०२१ च्या कायद्याने ते चार केले.

प्रायमरीचं म्हणाल तर २०१८ चं उदाहरण पाहा. गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकनांचे केसी केगल पहिल्या फेरीत ३९ टक्क्यांवर, ब्रायन केम्प २५ वर. केगल आता तिकीट खिशात घालणार असं सगळे धरून चाललेले. मग केगल यांचं एक खाजगी बोलणं रेकॉर्ड होऊन बाहेर आलं, ट्रम्प यांनी केम्पना पाठिंबा दिला, आणि जुलैत केम्प ६९ टक्के घेऊन जिंकले. पहिल्या फेरीत मागे असलेला माणूस दुसरीत असा धुवून काढतो.


नानबा, १८ मे २०२२

वाचतोय. बारा आठवडे कशाला लागतात ते कोणी सांगेल का? मशिनवर मतं, संध्याकाळी मोजली, पुढच्या मंगळवारी पुन्हा घ्या की.


सरळवाट, १८ मे २०२२

@नानबा, कारण परदेशात असलेले सैनिक. २००९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे त्यांची मतपत्रिका मतदानाच्या ४५ दिवस आधी रवाना झालेली असायला हवी. पहिल्या फेरीची मोजणी, तक्रारी, अधिकृत निकाल, नव्या पत्रिका छापणं, आणि मग हे ४५ दिवस. टेक्सासचं रनऑफ पूर्वी एप्रिलमध्ये व्हायचं, या कायद्यानंतर ते मेअखेरीस गेलं.

मग साउथ कॅरोलायना दोन आठवड्यांत दुसरी फेरी कशी घेतं? त्यांनी युक्ती काढली. परदेशातल्या मतदाराला एकदाच पत्रिका पाठवायची आणि तीवर पसंतीक्रम लिहून घ्यायचा, पहिला हा, दुसरा तो. रनऑफ झालंच, तर शिल्लक दोघांपैकी तुमच्या यादीत जो वर असेल त्याला तुमचं मत. आणखीही काही दक्षिणी राज्यांनी हीच वाट धरली. म्हणजे घरी असलेल्याने दोनदा रांगेत उभं राहायचं आणि जर्मनीतल्या छावणीत असलेल्याने एकाच कागदावर दोन्ही फेऱ्या उरकायच्या. माझ्या मते तर सगळ्यांनाच तसली पत्रिका द्यावी, पण तो विषय वेगळा.

अवांतर: निम्म्याची अट सगळीकडे नाही. नॉर्थ कॅरोलायनात आता ३० टक्क्यांच्या वर गेलात की झालं, आणि तेवढी कोणाला नसली तरी रनऑफ आपोआप होत नाही, दुसऱ्या आलेल्या उमेदवाराने ते मागावं लागतं. साउथ डकोटात मोठ्या पदांना ३५. बहुतेक राज्यांत मात्र काहीच अट नाही, ज्याला जास्त मतं त्याला तिकीट.


जुनी_कात्रणं, १९ मे २०२२

हे आलं कुठून असं विचारलंय म्हणून जरा लांब लिहितो. कंटाळा आला तर स्क्रोल करा.

रनऑफ असलेल्या राज्यांची नावं नकाशावर लावून बघा. टेक्सास, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, आर्कान्सा, साउथ कॅरोलायना, ओक्लाहोमा. जवळजवळ सगळा जुना दक्षिण. यादवी युद्धानंतरची पुनर्रचना संपली आणि दक्षिणेत रिपब्लिकन पक्ष नावापुरता उरला. डेमोक्रॅटांची उमेदवारी म्हणजेच निवडून येणं, नोव्हेंबरचं मतदान हा उपचार. मग एकाच पक्षात आठ-आठ, दहा-दहा जण उभे राहायचे आणि पंचवीस टक्क्यांवर कोणीतरी गव्हर्नर होऊन जायचा. त्यावर उतारा म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे दोन फेऱ्यांचं प्रकरण आलं. मिसिसिपीचा कायदा १९०२ चा. खरी निवडणूक प्रायमरीतच होतेय तर बहुमताची अट तिथेच लावा, असा विचार.

विचार ठीक. पण "बहुमत" कोणाचं? त्या प्रायमऱ्यांत कृष्णवर्णीयांना मतच नव्हतं. पक्ष ही खाजगी संस्था आहे, आम्ही कोणालाही आत घेऊ नाहीतर नाही, अशी ती पळवाट होती. ती बंद झाली तुमच्या शुगरलँडशेजारच्या ह्यूस्टनमुळे. लॉनी स्मिथ नावाचे कृष्णवर्णीय दंतवैद्य, त्यांना १९४० च्या प्रायमरीत मत नाकारलं. ते कोर्टात गेले आणि १९४४ साली सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्यांपुरती प्रायमरी घटनाबाह्य ठरवली.

जॉर्जियाचा रनऑफ कायदा १९६४ चा. त्याआधी तिथे काउंटीनिहाय वजन धरायची पद्धत होती, ती न्यायालयाने मोडीत काढली, तेव्हा डेन्मार्क ग्रूव्हर नावाच्या आमदाराने हा पर्याय रेटला. आपला हेतू वंशद्वेषाचा होता हे त्यांनी स्वतःच पुढे मान्य केलं. गोऱ्या उमेदवारांत मतं फुटली आणि कृष्णवर्णीय मतदारांनी एकगठ्ठा मत दिलं तर त्यांचा माणूस पहिला येईल, तसं झालं तर दुसऱ्या फेरीत सगळी गोरी मतं एकत्र करता यावीत, ही भीती आणि ही तजवीज. असं प्रत्यक्ष घडलेलं पाहायचं तर नॉर्थ कॅरोलायना, १९८२. मिकी मिशो हे कृष्णवर्णीय उमेदवार काँग्रेसच्या (म्हणजे अमेरिकी संसदेच्या) प्रायमरीत ४४ टक्के घेऊन पहिले आले आणि रनऑफमध्ये टिम व्हॅलेंटाइन यांच्याकडून हरले. १९८४ च्या अध्यक्षपदाच्या प्रचारात कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सन यांनी रनऑफ रद्द करा हा मुद्दा लावून धरला. नॉर्थ कॅरोलायनाने १९८९ मध्ये अट ४० टक्क्यांवर आणली. ती पुढे ३० झाली.

आणि टेक्सासचं रनऑफ म्हटल्यावर १९४८ टाळताच येत नाही. सिनेटसाठी डेमोक्रॅटिक प्रायमरी. जुलैत माजी गव्हर्नर कोक स्टीव्हन्सन सत्तरेक हजार मतांनी पुढे, लिंडन जॉन्सन दुसरे. २८ ऑगस्टला रनऑफ. मोजणी दिवसेंदिवस चालली, आज हा पुढे, उद्या तो. मतदानाला सहा दिवस उलटल्यावर ॲलिस गावच्या १३ नंबरच्या पेटीत आणखी २०२ मतं "सापडली". त्यातली २०० जॉन्सनची. मतदारांची नावं यादीत वर्णानुक्रमे, एकाच शाईत. जवळपास दहा लाख मतांत जॉन्सन ८७ मतांनी जिंकले. नोव्हेंबरची निवडणूक सहज खिशात, कारण तेव्हाचा टेक्सास. पंधरा वर्षांनी ते राष्ट्राध्यक्ष झाले. ॲलिसमधल्या त्या पेटीवर बरंच काही उभं राहिलं म्हणायचं.


सरळवाट, १९ मे २०२२

उत्तम प्रतिसाद. पण एक तक्रार. नियम कोणी कशासाठी केला आणि आज तो काय करतो, या दोन वेगळ्या गोष्टी. मिसिसिपी २०१४ घ्या. सिनेटसाठी रिपब्लिकन प्रायमरीत म्हातारे थॅड कॉक्रन आणि टी पार्टीवाले (पक्षातला कट्टर उजवा गट) क्रिस मॅकडॅनिएल. मॅकडॅनिएल ४९.५ टक्के, कॉक्रन ४९, आणि तिसऱ्या एका गृहस्थांनी दीड टक्का खाल्ला. त्या दीड टक्क्यासाठी तीन आठवड्यांनी पुन्हा मतदान. मधल्या काळात कॉक्रन यांच्या लोकांनी कृष्णवर्णीय वस्त्यांत प्रचार केला. तुम्ही डेमोक्रॅट असाल, पण या जागेवर कोण बसणार ते इथेच ठरतंय, या. नियम तोच, शुगरलँडकरांना आडवा आलेला. ज्यांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत दिलं होतं ते येऊ शकत नव्हते, घरी बसलेले येऊ शकत होते. ते आले. रनऑफला पहिल्या फेरीपेक्षा जास्त मतदान झालं, असं क्वचित होतं, आणि कॉक्रन साडेसात हजारांच्या फरकाने वाचले.

ज्या राज्याने १९०२ मध्ये हा प्रकार काढला तिथेच कृष्णवर्णीय मतदारांनी रिपब्लिकन उमेदवार ठरवला. मॅकडॅनिएल यांनी निकाल मान्य केला नाही ते सोडा.


जुनी_कात्रणं, १९ मे २०२२

मान्य. पण एक उलटं उदाहरणही घ्या. अलाबामा, २०१७. रनऑफ नेमस्त उमेदवाराला तारतं म्हणतात. सिनेटसाठी रिपब्लिकनांचे कट्टर उजवे रॉय मूर पहिल्या फेरीत ३९ टक्क्यांच्या आसपास होते, रनऑफमध्ये ५४ वर गेले आणि डिसेंबरात डेमोक्रॅट डग जोन्स यांच्याकडून हरले. अलाबामात!


मिरजकर_मावशी, २० मे २०२२

२०१८ साली तुमच्याच भागातून ते कुळकर्णी उभे होते ना? भाचीने तेव्हा फोन केले होते असं आठवतंय.


मुक्काम_शुगरलँड, २० मे २०२२

हो मावशी! श्री प्रेस्टन कुळकर्णी, बाविसाव्या काँग्रेस मतदारसंघातून, डेमोक्रॅट. परराष्ट्र खात्यातली नोकरी सोडून आले होते. आडनाव वाचून आमच्या सगळ्या मंडळाने कान टवकारले. मार्चमध्ये पाचांत पहिले, पण ३२ टक्क्यांच्या आतच. लेटिशिया प्लमर दुसऱ्या. मेच्या रनऑफमध्ये कुळकर्णी ६२ टक्के घेऊन जिंकले आणि नोव्हेंबरात पीट ओल्सन यांच्याकडून पाचेक टक्क्यांनी पडले.

मी तेव्हा ग्रीन कार्डवर. मत नाही, पण फोन करायला मनाई नव्हती. त्यांच्या प्रचारात ज्याच्या त्याच्या भाषेत फोन करायची टूम होती. मी मराठी आणि हिंदी. मार्चमध्ये फोन केला की लोक निदान ऐकून घ्यायचे. मेमध्ये अर्धा वेळ "अहो मी दिलं मत, मार्चलाच दिलं" हे ऐकण्यात जायचा, आणि उरलेला अर्धा पुन्हा का द्यायचं ते समजावण्यात. एका काकांनी तर मला बजावलं की दोनदा मत देणं हा इथे गुन्हा आहे, मला भरीला पाडू नका.


क्वीन्सची_राणी, २१ मे २०२२

या काकांसाठी न्यूयॉर्कने उपाय काढला आहे. आमच्या शहरातही पूर्वी रनऑफ व्हायचं, मेयरसारख्या शहरभरच्या पदांच्या प्रायमरीत ४० टक्क्यांच्या आत राहिलात तर. २०१३ मध्ये पब्लिक ॲडव्होकेट (शहराच्या कारभाराबद्दलच्या तक्रारी बघणारा) या पदासाठी लेटिशिया जेम्स विरुद्ध डॅनियल स्क्वाड्रन असं रनऑफ झालं. खर्च सुमारे एक कोटी तीस लाख डॉलर. त्या ऑफिसचं वर्षाचं बजेट तेवीस लाखांच्या आसपास! मतदान सात टक्के की काहीतरी. मी गेले होते. केंद्रावर चौघी कर्मचारी आणि मी एकटी, त्यांनी मला कॉफी विचारली.

मग २०१९ मध्ये सार्वमत घेऊन पसंतीक्रमाची पद्धत आणली. एकाच पत्रिकेवर पाचजणांपर्यंत क्रम लावायचा. शेवटचा बाद, त्याची मतं पुढच्या पसंतीला, असं करत करत दोन उरेपर्यंत. गेल्या वर्षी मेयरच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत ती वापरली. एरिक ॲडम्स शेवटच्या फेरीत कॅथरीन गार्सियांच्या पुढे फक्त ७,१९७ मतांनी. निकालाला आठवडे लागले, मध्येच निवडणूक मंडळाने चाचणीसाठीची मतं खऱ्यांत मिसळून आकडे जाहीर केले आणि मागे घेतले, तो घोळ वेगळाच. पण दोनदा रांग नाही.


सरळवाट, २१ मे २०२२

दोनदा रांग नाही हे खरं, पण दुसऱ्यांदा विचारही नाही. रनऑफमध्ये दहाच्या गर्दीतून दोन चेहरे समोर येतात, त्यांची समोरासमोर चर्चा होते, लोक नीट बघतात. पसंतीक्रमात चौथ्या नंबरावर कोणाला टाकलं ते तुम्हाला तरी आठवतंय का?


क्वीन्सची_राणी, २१ मे २०२२

नाही आठवत. 😀 पण नीट बघणारे ते सात टक्केच ना?


मुक्काम_शुगरलँड, २५ मे २०२२

काल रनऑफ होतं. दुपारनंतर उवाल्डेच्या शाळेची बातमी आली आणि संध्याकाळी निकालाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. एकोणीस मुलं, दोन शिक्षिका. आमच्या लेकीची शाळा कालही होती, आजही आहे. आज एवढंच.


आटपाट_अटलांटा, २५ मे २०२२

🙏


मुक्काम_शुगरलँड, ३० मे २०२२

आकडे आता बघितले. पॅक्स्टन ६८ टक्के, बुश ३२. डेमोक्रॅटांकडे गार्झा ६२च्या वर.

पण टक्के बाजूला ठेवून नुसती मतं बघा. मार्चमध्ये पॅक्स्टनना आठ लाखांहून जास्त मतं होती आणि ती "अपुरी" ठरली. मेमध्ये पडली सहा लाख तेहतीस हजार आणि दणदणीत बहुमत झालं! कारण मार्चमध्ये रिपब्लिकन पत्रिका घेणारे साडेएकोणीस लाख होते, मेमध्ये उरले सव्वानऊ लाखांच्या आसपास. राज्यात नोंदलेले मतदार पावणेदोन कोटींच्या घरात आहेत. बहुमत म्हणजे परत आलेल्यांतलं बहुमत. नियमात एवढंच लिहिलंय, मीच त्यात जास्त काही वाचत होतो.

बायको गेली होती मत द्यायला. कोणाची पत्रिका घेतली ते सांगत नाही.


रंकाळा, १२ जून २०२२

आम्ही कोल्हापूरकर परवा रात्रभर जागे होतो, म्हणून हा धागा आठवला. राज्यसभेच्या सहाव्या जागेला दोन्ही उमेदवार आमचेच. पहिल्या पसंतीची मतं संजय पवारांना ३३, धनंजय महाडिकांना २७. पवार पुढे. मग भाजपच्या पहिल्या दोघांची जादा मतं दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे वळली आणि पहाटे निकाल फिरला. तुमचं ते बारा आठवड्यांचं रनऑफ इथे एका रात्रीत, आमदारांना बसमधून खाली न उतरवता.


सरळवाट, १२ जून २०२२

ही पद्धत जराशी वेगळी आहे (एकाहून जास्त जागा, म्हणून जादा मतांचं हस्तांतर), पण मुद्दा पोचला. पहिल्या पसंतीत मागे असलेला दुसऱ्यांच्या दुसऱ्या पसंतीवर येऊ शकतो. आणि तिथे २८५ मतदार, प्रत्येकाचा क्रम पक्षाने लिहून दिलेला. अशा ठिकाणी पसंतीक्रम फारच सुरेख चालतो.


मुक्काम_शुगरलँड, २२ जून २०२२

शेवटचं एक शिल्लक होतं, तेही लागलं. लारेडोकडचा अठ्ठाविसावा मतदारसंघ, डेमोक्रॅट. जुने खासदार हेन्री क्वेयार विरुद्ध जेसिका सिस्नेरोस. मार्चमध्ये क्वेयार ४८.७ टक्के, हजारेक मतांनी पुढे, पण तिसऱ्या बाईंच्या पाचेक टक्क्यांमुळे निम्म्याला अडले. रनऑफमध्ये २८१ मतांचा फरक. फेरमोजणी झाली, फरक २८९. मार्चमध्येही तेच पुढे, मेमध्येही तेच. मधले तीन महिने दोन्ही बाजूंनी पैसा आणि शिव्या.


नोवीचा_नाखवा, ५ ऑगस्ट २०२२

धागा वर काढतोय, कारण विषय थेट आपल्यापर्यंत आला आहे. श्री ठाणेदार! चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला मराठी माणूस डेट्रॉईटच्या तेराव्या मतदारसंघातून डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकला. २ ऑगस्टला मतदान झालं. नऊ उमेदवार, ठाणेदारांना २८ टक्के. मतदारसंघ इतका डेमोक्रॅटिक आहे की नोव्हेंबरचा पेपर सोपा.

मिशिगनमध्ये रनऑफ नाही. २८ तर २८, तिकीट पक्कं. आमच्या मंडळात पेढे वाटले गेले. मी खाल्ले, दोन खाल्ले. पण ऑफिसातली माझी सहकारी डेट्रॉईटची, कृष्णवर्णीय, तिचा चेहरा वेगळा होता. १९५५ पासून डेट्रॉईटचा निदान एक तरी खासदार कृष्णवर्णीय राहिला आहे. या वेळी मतं बाकीच्यांत वाटली गेली, दुसरे आलेले ॲडम हॉलियर २३-२४ टक्क्यांवर. ती म्हणाली, तुमच्या टेक्साससारखं रनऑफ हवं होतं. (मी मिशिगनचाच, पण तिला हा धागा मीच सांगितला होता.)


जुनी_कात्रणं, ५ ऑगस्ट २०२२

गंमत बघा. जॉर्जियात १९६४ ला रनऑफ आणलं ते गोरी मतं फुटू नयेत म्हणून. आता डेट्रॉईटमध्ये रनऑफ हवंसं वाटतंय ते कृष्णवर्णीय मतं फुटली म्हणून. नियम तोच, फुटलेल्यांना तो हवा आणि एकगठ्ठा असलेल्यांना नको. आणि परिस्थितीही जुन्या दक्षिणेसारखीच. एकच पक्ष, नोव्हेंबर नावापुरता, सगळं प्रायमरीत.


मिरजकर_मावशी, ५ ऑगस्ट २०२२

पण त्या दुसऱ्या फेरीत ठाणेदारच हरले असते कशावरून? बाकीच्या सात जणांचे मतदार सगळे तिकडेच गेले असते हे गृहीत का धरायचं? मतदार काय गठ्ठे असतात?


नोवीचा_नाखवा, ६ ऑगस्ट २०२२

बरोबर आहे मावशी. शिवाय ठाणेदारांनी स्वतःच्या खिशातून भरपूर पैसा ओतला होता, दुसऱ्या फेरीतही ओतला असता. सहकारीणही शेवटी तेच म्हणाली. तिची खरी चिडचिड अशी की तिच्या गल्लीतले निम्मे लोक मतदानालाच गेले नव्हते, आणि रनऑफ असतं तर आणखी निम्मे गेले नसते.


सरळवाट, ६ ऑगस्ट २०२२

२८ टक्क्यांवर तिकीट मिळणं मला तरी पटत नाही, माणूस आपला असो वा परका. ७२ टक्के लोकांनी दुसऱ्या कोणाचं तरी नाव लिहिलंय. पेढे ठीक आहेत.


गोदाकाठ, ६ ऑगस्ट २०२२

आमच्याकडे २८ टक्क्यांवर अख्खा आमदार होतो हो, तिकिटाचं काय घेऊन बसलात. 😀


सानेकाकू_ऑस्टिन, ७ ऑगस्ट २०२२

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. सगळा धागा सकाळपासून वाचून काढला, खूप माहिती मिळाली. एक बाळबोध शंका आहे, हसू नका. मी मार्चमध्ये रिपब्लिकन पत्रिका घेतली होती, मेमध्येही तीच. म्हणजे आता नोव्हेंबरमध्ये मला रिपब्लिकनांनाच मत द्यावं लागणार का? मुलगा हो म्हणतोय.


मुक्काम_शुगरलँड, ७ ऑगस्ट २०२२

नाही काकू. नोव्हेंबरमध्ये सगळ्यांना एकच पत्रिका असते, त्यावर सगळ्या पक्षांची नावं. कोणालाही द्या. मुलाला इथली लिंक पाठवा.